पाणी चाखण्याचं काम

गलबतावर आम्ही तेरा माणसं होतो. माणशी रोज चार लिटर पाणी, म्हणजे दिवसाला बावन्न लिटर. आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत तीस दिवस लागतील असा तांडेलांचा, म्हणजे आमच्या कप्तानांचा, अंदाज होता, आणि दीडपट पाणी असल्याशिवाय नांगर उचलायचा नाही असा त्यांचा नियम होता. पंचेचाळीस दिवसांचं पाणी झालं दोन हजार तीनशे चाळीस लिटर. त्यातलं दोन हजार लिटर हजार-हजारच्या दोन लाकडी टाक्यांत, उरलेलं वीस लिटरच्या सतरा सीलबंद कॅनमध्ये. हा हिशेब माझा होता आणि तो बरोबर होता. चूक झाली ती हिशेबात नाही. ती कुठे झाली आणि कुणाची होती, हे नीट लिहून ठेवावं म्हणून हे लिहितो आहे.

मी वऱ्हाडातला. घर अमरावतीला, नोकरी अकोल्याच्या एका डाळ मिलमध्ये भांडारपालाची. तेवीस वर्षं बडनेरा ते अकोला अपडाऊन केलं. पन्नाशीपर्यंत मी समुद्र तीनदा पाहिला होता, तिन्ही वेळा कुणाच्या तरी लग्नाला गेलो असताना, आणि तिन्ही वेळा चप्पल हातात धरून घोट्यापर्यंतच. गलबतावर गेलो तो मुलीमुळे.

मुलगी सत्तावीस वर्षांची. पुण्यातली चांगली नोकरी सोडून ती तीन वर्षं कोकणातल्या एका खाडीवर राहिली. तिथे काही लोक जुन्या पद्धतीनं एक गलबत बांधत होते. दोन शिडांचं, इंजिन नाही. फळ्यांच्या सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठोकून भरायचा असतो; त्या गलबताच्या डाव्या अंगाचा निम्मा कापूस तिच्या हातचा होता. ती सुकाणू धरायला शिकली, वारा ओळखायला शिकली. पूर्वी आपल्या किनाऱ्यावरून गलबतं हिवाळ्यातल्या वाऱ्यावर आफ्रिकेला जात, तशी एक फेरी करायची आणि मग गलबत किनाऱ्यावर ओढून कायमचं लोकांना बघायला ठेवायचं, असं ठरलेलं होतं. परवाना एका फेरीचा आणि एका हंगामाचा. मध्ये कुणाची मदत घेतली तर फेरी तिथेच संपली, असं त्यात लिहिलेलं. म्हणजे तिला जे काही करायचं होतं ते या एका फेरीत करायचं होतं. दुसरी मिळणार नव्हती.

तिची आई फेरीच्या आदल्या वर्षी गेली. किडन्या निकामी झाल्या होत्या. तीन वर्षं आठवड्यातून दोनदा मी तिला डायलिसिसला नेत असे. एकूण तीनशे अकरा वेळा. ती गेल्यावर मी मिलमधून लवकर निवृत्ती घेतली आणि घरात बसलो. मुलगी दिवाळीला आली तेव्हा दोन दिवस काही बोलली नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाबा, तुमी नुसते भिंतीकडे पाहून राहता. चला माझ्यासंगं. आम्हाला मोजणारा माणूस पाहिजे. समुद्राची सवय नसली तरी चालते."

गावी मोठ्या भावाला भेटायला गेलो. त्याला सांगितलं.

"तुले पोयता येते काय?"

"नाही."

"मंग कायले चालला?"

"पाणी मोजाले."

"तुह्या घरच्या नळाले आठ दिवसांनी पाणी येते, ते मोज ना. समुद्रात काय लाटा मोजशीन?"

वहिनी हसली. तिनं ज्वारीच्या पापड्यांचा डबा बांधून दिला.

तांडेल सदुसष्ट वर्षांचे होते. त्यांनी मला तीन प्रश्न विचारले. पोहता येतं का, उलटी होते का, आणि वही कशी लिहिता. पहिल्याला मी नाही म्हणालो, दुसऱ्याला म्हणालो एसटीत तरी होत नाही, तिसऱ्यासाठी मिलमधली एक जुनी वही दाखवली. त्यांनी चार पानं उलटली आणि म्हणाले, "या."

मग त्यांनी आणखी एक काम सांगितलं. लाकडी गलबतावर रोज सकाळी टाकीतून काढलेलं पहिलं पाणी एका माणसानं चाखायचं. तो 'गोड' म्हणेपर्यंत दुसऱ्या कुणी त्याला तोंड लावायचं नाही. फळ्या सुकतात, सांधे उघडतात, समुद्राचं पाणी कुठून ना कुठून आत येतंच. ते पहिल्या दिवशीच कळावं म्हणून ही पद्धत.

"तंबाखूवाल्याला हे काम देत नाही मी," तांडेल म्हणाले. "त्याची जीभ मेलेली असते. इथे बारातले नऊ तंबाखूवाले."

"बाबांना सुपारीसुद्धा चालत नाही," मुलगी म्हणाली. "चहातसुद्धा साखर अर्धा चमचाच."

तिनं हे अभिमानानं सांगितलं. काम मला मिळालं.

माझी जीभ कोणत्या पाण्यावर वाढली, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे, मला ते आठवलंच नाही. माझं गाव तेल्हारा तालुक्यात, हिवरखेडच्या खाली, पूर्णेकडच्या खारपाणपट्ट्यात. तिथल्या विहिरींना खारं पाणी लागतं. एकविसाव्या वर्षापर्यंत मी तेच प्यायलो, आणि लग्नानंतर परत गावी राहून आणखी नऊ वर्षं. सगळी मिळून तीस. आम्ही त्या पाण्याला खारं म्हणतच नव्हतो. पाणी म्हणत होतो.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी भरतीबरोबर, आम्ही निघालो. किनाऱ्यावर नारळ फुटले, कुणीतरी ताशा वाजवला. मुलगी मागे सुकाणूपाशी उभी होती. तिनं माझ्याकडे बघून मान हलवली आणि पुढे बघायला लागली. दुपारी चारपर्यंत डोंगर दिसत होते. मग ते धुरकट झाले आणि मग तिथे काही आहे की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं, इतकंच उरलं.

पहिले तीन दिवस बहुतेक लोक आडवे होते. सुकाणूवरच्या चार-सहा जणांनाही ओकाऱ्या येत होत्या. ते एका हातानं सुकाणू धरत आणि दुसऱ्या हाताशी बादली ठेवत. मला मात्र काही झालं नाही. तांडेल म्हणाले, "वऱ्हाडात काय बैलगाडीत जन्मलात का?" मी म्हणालो, रस्तेच तसे आहेत. ते हसले. त्या गलबतावर कुणाला हसवण्याची ती माझी पहिली आणि जवळजवळ शेवटची वेळ.

दिवसाची रीत अशी होती. साडेपाचला मी टाकी उघडायचो. दोन टाक्या, एक डाव्या अंगाला, एक उजव्या. एकीतलंच पाणी संपवत गेलं तर गलबत एका बाजूला कलतं, म्हणून आज डावीतलं, उद्या उजवीतलं. झाकण काढायचं, पेलाभर पाणी काढायचं, चाखायचं, 'गोड' म्हणून मोठ्यानं सांगायचं. मग दोन लिटरच्या मापानं सव्वीस मापं मोजून पिपात ओतायची. त्या पिपातूनच सगळ्यांचं दिवसभराचं पिणं आणि स्वयंपाक. झाकण परत बसवून वरून ओलं गोणपाट बांधायचं. त्यानंतर सगळ्यांनी मिळून डेकवर समुद्राच्या पाण्याच्या चाळीस बादल्या ओतायच्या, संध्याकाळी परत चाळीस. उन्हानं डेकच्या फळ्या आक्रसू नयेत म्हणून. संध्याकाळी पाचला मी खुणा केलेली बांबूची काठी दोन्ही टाक्यांत बुडवून पाणी किती उतरलं ते वहीत लिहायचो.

आजारी लोकांना नुसतं पाणी पोटात राहत नव्हतं. त्यांना स्वयंपाकी लिंबू, साखर आणि मीठ घालून सरबत देत होता. मुलगीही तेच पीत होती. तिला फार त्रास झाला. दोन पाळ्यांच्या मध्ये ती दोरांच्या वेटोळ्यावर डोकं ठेवून पडायची. मी वहिनीच्या पापड्या नेऊन द्यायचो, ती एखादी चघळायची. "बरं वाटून राहिलं काय?" मी विचारायचो. ती म्हणायची, "बाबा, मला फार भारी वाटतंय," आणि परत बादलीकडे वळायची. ती खोटं बोलत नव्हती. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि ती आयुष्यात इतकी खूश मी पाहिली नव्हती.

तिसऱ्या संध्याकाळी मी वही घेऊन तांडेलांकडे गेलो.

"माप जुळत नाही," मी म्हणालो. "रोज बावन्न लिटर काढतो. टाक्यांत छत्तीसच उतरलेलं दिसतं. रोज सोळा लिटर जास्त राहतंय."

"जास्त राहतंय?"

"हो."

"मग तक्रार कसली? कमी राहिलं असतं तर या." त्यांनी काठीकडे बोट दाखवलं. "गलबत डुलतं, टाकीत पाणी डुलतं. ती काठी काय खरं बोलणार? जीभ काय म्हणते तुमची?"

"गोड."

"मग झालं."

मी परत जाऊन शेरा लिहिला: 'काठीचे माप डुलण्यामुळे अविश्वसनीय.' तेवीस वर्षांत मिलमध्ये एका पोत्याचा फरक आला तरी मी घरी गेलो नव्हतो. तिथे फरक रोज त्याच दिशेनं आला, रोज तितकाच आला, आणि मी काठीला दोष दिला. डुलण्यानं माप चुकतं ते कधी जास्त, कधी कमी. रोज सोळानंच कसं चुकेल, हे मी मिलमधल्या कोणत्याही पोराला विचारलं असतं. स्वतःला विचारलं नाही, कारण सकाळी मी पाणी चाखलं होतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी लोक उठून बसायला लागले. वारा उत्तरेचा, एकसारखा होता. दोन्ही शिडं भरलेली, दोर ताठ. सकाळी कुणीतरी गळ टाकायचं, दुपारी कुणी फाटलेलं शीड शिवायचं, कुणी घरच्यांना न पोचणारी पत्रं लिहायचं. जेवणाची इच्छा परत आली आणि स्वयंपाक्याचं आणि माझं भांडण झालं.

स्वयंपाकी रत्नागिरीकडचा होता, पन्नाशीचा, मोठ्या बोटींवर काम केलेला. तूरडाळ आमच्या मिलमधली, मीच निवडून आणलेली होती.

"भाऊ, तुमची डाळ शिजत नाही," तो म्हणाला. "सव्वा तास झाला. गोळ्या आहेत की डाळ?"

"आमची डाळ वीस मिनिटांत शिजते. तुमची शेगडी हलते, ताव लागत नाही."

"शेगडी काल पण हलत होती. आणि मीठ मी घातलंच नाही आज, तरी बघा."

मी चव घेतली. मला ती अळणी लागली. "मीठ कमी आहे," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. "कमी?"

"कमीच आहे."

"पाणी बघितलंत ना सकाळी?"

"तुमी शेगडी सांभाळा, पाणी मी पाहतो," असं मी त्याला म्हणालो. जरा जोरातच. चार माणसांनी वळून पाहिलं. तो शेगडीकडे वळला. पाणी चाखणाऱ्यानं गोड म्हटलं की त्यावर कुणी बोलायचं नाही, हीही तिथली पद्धत होती.

आता यात सांगायची गोष्ट अशी की खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे आमच्या गावातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. माझी आई डाळीपुरतं गोड पाणी दोन कोसांवरून आणायची. लग्न होऊन आलेल्या माझ्या बायकोनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, वरण असं टचटच का लागतं. ती वरूडकडची, संत्र्याच्या बागांतली, गोड पाण्यावर वाढलेली. डाळ मिलमध्ये उभा जन्म घालवलेल्या मला, गोळ्यांसारखी ती डाळ हातात घेऊन, यातलं काहीही आठवलं नाही.

सहाव्या दिवशी पाळी उजव्या टाकीची होती. साडेपाचला चाखलं, 'गोड' म्हणून सांगितलं, सव्वीस मापं ओतली. आठला मुलगी सुकाणूवरून आली. चेहऱ्यावर रंग परत आला होता. म्हणाली, आता सरबत पुरे, साधं पाणी द्या. मी पिपातून पेला भरून दिला.

तिनं एक घोट घेतला, तोंडात धरला, कठड्याशी गेली आणि थुंकली.

"बाबा, हे पाणी आजचं आहे?"

"आजचंच. काहून?"

"खारं आहे."

"मी चाखलं सकाळी."

"आता चाखा."

मी तिच्या हातातला पेला घेऊन प्यायलो. "गोडच तर आहे," मी म्हणालो.

तिनं एका कॅनचं सील तोडलं, दुसऱ्या पेल्यात अर्धा पेला पाणी घेतलं आणि माझ्या हातात दिलं. "आधी हे प्या. मंग ते."

कॅनचं पाणी मला फिक्कं लागलं. काहीच नसल्यासारखं. मग टाकीतलं प्यायलो, आणि ते मला पाण्यासारखं लागलं. आमच्या विहिरीसारखं. घशातून खाली उतरताना मला कळलं की मी काय केलं आहे.

तांडेलही तंबाखूवालेच; त्यांनी एक थेंब जिभेवर घेतला, एवढंच. मग त्यांनी पळीभर पाणी शेगडीवर आटवायला लावलं. पळीच्या बुडाशी पांढरा थर राहिला. त्यांनी दोन्ही टाक्यांची झाकणं काढून पाहिली. डेकच्या दोन फळ्यांच्या सांध्यातून, बरोबर टाक्यांच्या वर, पाणी टिपकत होतं. रोज सकाळ-संध्याकाळ आम्ही ओतत असलेल्या ऐंशी बादल्यांतलं. झाकणांच्या फटीत ठोकून भरलेला कापूस पहिल्याच दिवशी मी काढला होता. गोणपाटातून ते आत मुरत होतं.

"झाकणं गळतातच," तांडेल म्हणाले. "म्हणून तर चाखायचं."

मुलीनं माझी वही घेतली होती. पानं उलटता उलटता ती थांबली. "सोळा गुणिले पाच, ऐंशी," ती म्हणाली. "बाबा, तुमी रोज लिहून ठेवलंय हे."

शंभराला चार-पाच भाग समुद्र होता त्या पाण्यात. दोन्ही टाक्यांत सारखाच, कारण दोन्ही टाक्या मी आळीपाळीनं उघडल्या होत्या.

सगळे डेकवर जमले. कुणी मला शिवी दिली नाही. स्वयंपाकी एका बाजूला बसून भांडी घासत होता, जी आधीच घासलेली होती. मला वाटलं, आपण काहीतरी बोललं पाहिजे. मी म्हणालो, आणि ते मी खरंच म्हणालो, "हे पिता येतं. आमच्या गावात याच्याहून खारं पितात. मी तीस वर्षं प्यायलो. मले काय झालं?"

"आणि आईले?" मुलगी म्हणाली.

डॉक्टरांनी कधी ठामपणे सांगितलं नाही की पाण्यामुळेच झालं. अनेक कारणं असू शकतात, असं ते म्हणायचे. पण नवी नवरी म्हणून आलेल्या तिनं पहिल्या दिवशी पेला खाली ठेवला होता आणि माझ्याकडे पाहिलं होतं, आणि मी म्हणालो होतो, होईल सवय. हे मुलीला माहीत होतं. तिच्या आईनंच कधीतरी हसत हसत सांगितलेलं. घरातली ती एक गंमतीची गोष्ट होती.

तांडेल माझ्याकडे वळले. "हिशेब सांगा."

"कॅनमध्ये तीनशे चाळीस. आज काढलेला अर्धा पेला सोडून. रोजचे बावन्न धरले तर साडेसहा दिवस. माणशी तीन लिटर केलं तर आठ दिवस आणि वर थोडं."

"पुढे किती दिवस?"

"चोवीस."

"दोन लिटरनं?" मुलीनं विचारलं. ती माझ्याकडे बघत होती. तिला माझ्याकडून एक आकडा हवा होता.

"तेरा दिवस," मी म्हणालो.

"आणि स्वयंपाक टाकीतल्या पाण्यात केला तर? प्यायला फक्त कॅन. पावसाचं पाणी धरायला शीड लावू, दवाचं—"

"जानेवारीत पाऊस कुठला, पोरी," तांडेल म्हणाले. "आणि टाकीतलं पाणी रोज आणखी बिघडणार. तेरा माणसं आहेत. नाही."

ती तरीही माझ्याकडे बघत राहिली. आकडा बदलण्याजोगा असता तर मी बदलला असता. ही फेरी तिची होती. त्या क्षणी माझ्याकडे देण्यासारखं काही असतं तर मी दिलं असतं, पण माझ्याकडे फक्त तेरा होते आणि लागत होते चोवीस.

तांडेलांनी सॅटेलाइट फोनवरून किनाऱ्याला कळवलं. वारा उत्तरेचा असल्यामुळे निघालो त्या बंदराला परतणं जमणार नव्हतं. सरळ पूर्वेला जाऊन खाली मलबारकडच्या एखाद्या बंदराला लागायचं ठरलं. सात-आठ दिवस.

सुकाणूवर दुसऱ्या कुणाला उभं करू का, असं त्यांनी मुलीला विचारलं. ती म्हणाली, "नाही. आता मीच वळवते."

अशा गलबताचं तोंड फिरवायचं म्हणजे सोपं काम नसतं. शिडाची लांब आडवी काठी डोलकाठीच्या एका अंगावरून दुसऱ्या अंगाला न्यावी लागते; सगळ्यांचे हात लागतात. मी दोर धरायला पुढे झालो. माझ्या शेजारच्या खलाशानं तो माझ्या हातातून हळूच घेतला आणि म्हणाला, "बसा काका तुम्ही." त्यात अपमान नव्हता. मी पोत्यांवर बसलो. शीड एकदा मोकळं फडफडलं, खूप मोठा आवाज झाला, मग दुसऱ्या बाजूला भरलं. सकाळभर पाठीवर असलेलं ऊन तोंडावर आलं. मुलगी समोर बघत होती. ती रडत नव्हती. तिचे ओठ कोरडे पडले होते आणि ती ते दातांखाली धरून होती.

परतीची रीत वेगळी झाली. डेकवर पाणी ओतणं बंद. मापं मीच मोजायचो, एकोणचाळीस लिटर, पण साडेपाचला कॅन फोडला की पहिला घोट मुलगी घ्यायची. सीलबंद कॅन होते, चाखायची गरज नव्हती. तरी ती घ्यायची, आणि 'गोड' म्हणायची, माझ्याकडे न बघता, बाकीच्यांकडे बघून. मी मोजलेली मापं स्वयंपाकी परत मोजायचा. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं, पण मी थांबून त्याला मोजू द्यायचो. तीन लिटरमध्ये माणूस मरत नाही. पण लोक बोलेनासे झाले. गाणारा एक जण होता, तो गाईनासा झाला. वारा सगळा वेळ उत्तम होता. इतका चांगला आणि एकसारखा वारा हंगामात क्वचित मिळतो, असं तांडेल एकदा म्हणाले. स्वतःशीच म्हणाले, पण मी जवळ होतो.

परतीच्या सहाव्या दिवशी मी तिच्याजवळ जाऊन बसलो.

"तुह्यं मोठं नुकसान केलं मी," मी म्हणालो.

"झोप झाली का तुमची?" ती म्हणाली.

"मी त्यांना सांगायला पाहिजे होतं, की माझं गाव—"

"बाबा," ती म्हणाली, "मलाच माहीत होतं ना तुमचं गाव कोणतं." आणि उठून आपल्या पाळीवर गेली. पाळीला अजून वीस मिनिटं होती.

आठव्या दिवशी दुपारी किनारा लागला. अठ्ठावीस लिटर पाणी उरलं होतं. गोदीवर परवान्यावाले आले. कारणाच्या रकान्यात मुलीनं लिहिलं, 'पिण्याचे पाणी खराब झाले.' कुणामुळे ते लिहिलं नाही. पुढे खाडीवरच्या लोकांत बोललं गेलं की हिनं वशिल्यानं बापाला घेतलं, त्यामुळे फेरी बुडाली. ते मला मागाहून कळलं. तसं नव्हतं. मला पारखून घेतलं होतं, आणि ज्या गोष्टीसाठी पारखायला हवं होतं ती फक्त मला सांगता आली असती. तिच्या नावावर हे लागू नये, एवढ्यासाठी मी हे सगळं आकड्यांसह लिहिलं आहे.

पाणी भरून पुन्हा निघावं असा अर्ज तिनं केला होता. उत्तर येईपर्यंत हंगाम सरला. गलबत आता किनाऱ्यावर ओढलेलं आहे, वर पत्र्याचं छप्पर आहे. लोक तिकीट काढून बघतात म्हणे. मी गेलो नाही. तांडेलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. मुलीनं नोकरी धरली. मासेमारीच्या फायबरच्या बोटींचे आराखडे काढते, टेबलावर, संगणकावर. दर रविवारी फोन करते. गोळ्या घेतल्या का विचारते.

या दिवाळीत ती चार दिवस अमरावतीला होती. समुद्राचा विषय निघाला नाही. तिसऱ्या दिवशी ती ओट्यावर बसून मटार सोलत होती आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "परत कधी समुद्रावर जाशीन?"

तिनं हातातली शेंग पूर्ण सोलली, दाणे वाटीत टाकले.

"कशानं, बाबा?" ती म्हणाली.

रागानं म्हणाली असती तर मला काही बोलता आलं असतं. ती खरोखरच विचारत होती. मी तिच्या समोर बसलो आणि मटार सोलायला लागलो.